जनावराला अँटिबायोटिक: देण्याआधी, देताना आणि दिल्यावर काय करायचं (मराठवाड्यातल्या गोठ्यासाठी)

आपल्याकडं म्हैस आजारी पडली की काय होतं ते सगळ्यांना माहितीये. गावातला नाहीतर शेजारच्या गावातला एकजण गाडीवर येतो, बॅगेत चार-पाच बाटल्या, अंगाला हात लावून "ताप आहे" म्हणतो, मानेत सुई मारतो, पैसे घेतो आणि उद्या बघू म्हणून जातो. म्हैस उद्या वैरण खायला लागली की तोही परत येत नाही अन् आपणही बोलवत नाही. नाहीच खाल्लं तर परवा दुसरी बाटली, जरा महागाची. मी त्या माणसाला नावं ठेवायला बसलो नाही, रात्री अकराला तांड्यावर तोच येतो हेही खरंय. पण एका सुईवर सोडून दिलेली अँटिबायोटिक ही जनावरापेक्षा त्याच्या अंगातल्या जिवाणूंच्या जास्त कामाची ठरायलीय, आणि ते जिवाणू गोठ्यातच बसून राहत नाहीत.

आधी दोन मिनिटं हे समजून घ्या

जनावराच्या आतड्यात, नाकात, कातडीवर अब्जावधी जिवाणू असतात. औषध गेलं की कमजोर मरतात, ज्यांच्याकडं त्या औषधावर उतारा आहे ते जगतात, आणि ई. कोलायसारखा जिवाणू सगळं मनासारखं असलं तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे मेलेल्यांची जागा भरायला वाचलेल्यांना एक रात्र पुरते. त्यात अजून एक भानगड अशी की हा उतारा ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात, प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यातून. म्हणून "म्हशीचा जिवाणू वेगळा अन् माणसाचा वेगळा" हे बोलणं अर्धवट आहे.

औषधं तर बऱ्याचदा एकाच घराण्यातली. जनावराला एन्रोफ्लॉक्सासिन देतात, त्याचा काही भाग अंगात जाऊन सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, जे माणसाला लघवीच्या इन्फेक्शनला देतात. सेफ्ट्रायक्झोन गोठ्यातही चालतं आणि आपल्या आईला आयसीयूत ठेवलं तर तिथंही चालतं. कोलिस्टिन नावाचं औषध माणसांच्या दवाखान्यात अगदी शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं, तेच कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवायला पडत होतं. २०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी डुकरांच्या जिवाणूंमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारा, एका जिवाणूतून दुसऱ्यात उड्या मारत पसरणारा जीन (डीएनएचा तुकडा) सापडल्याचं जाहीर केलं, आणि जुलै २०१९ मध्ये भारत सरकारनं खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत त्याच्यावर बंदी आणली. २०१९ या एका वर्षात जगात अंदाजे १२.७ लाख माणसं थेट अशा औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळं गेली असा अभ्यास आहे. याचा सगळा दोष गोठ्याचा नाही बरं का, माणसं सर्दीला पण मेडिकलवरून गोळ्या आणून खातात, तो हिशोब वेगळाच. पण आपल्या हातात आहे तो आपला गोठा.

पायरी १: हा अँटिबायोटिकचा आजार आहे का ते बघा

सगळ्यात जास्त औषध इथंच वाया जातं. विषाणूच्या आजारावर अँटिबायोटिक चालत नाही. लाळ्या खुरकूत, लम्पी, शेळ्यांचा पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांची देवी, कोंबड्यांची मानमोडी, गंबोरो, आणि पावसाळ्यात येणारा तिवा म्हणजे तीन दिवसांचा ताप, हे सगळे विषाणूचे. तिव्यात जनावर लंगडतं, आखडतं, बसून राहतं आणि बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपोआप उठतं, मग ज्यानं सुई मारली त्याला जस मिळतं. लम्पीच्या गाठी फुटल्या, खुरात किडे पडले तर वरून जिवाणू शिरतात आणि तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक देतील, तो निर्णय त्यांचा. गोचीड तापाला वेगळं औषध लागतं. आणि व्यायल्यावर म्हैस मान पोटाकडं वळवून बसली, कान गार पडले, तर ते कॅल्शियमचं काम आहे, त्याला दुधाळ ताप म्हणत असले तरी अंगात ताप नसतो.

म्हणून गोठ्यात एक डिजिटल थर्मामीटर ठेवा, माणसाचं असतं तेच, पण त्यावर खूण करून ठेवा म्हणजे घरात कुणी तोंडात घालणार नाही. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात, बाजूच्या भिंतीला टेकवून, बीप होईपर्यंत धरायचं. गाईचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हशीचं जरासं कमी, शेळीचं १०२ ते १०३.५. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी दोनला उन्हातून आलेल्या म्हशीचं तापमान घेऊन घाबरू नका, काळं कातडं आणि कमी घाम यामुळं ती तापतेच, तिला सावलीत बांधा, पाणी मारा, संध्याकाळी परत बघा.

फोनवर डॉक्टरला "खाईना" एवढंच सांगू नका. ताप किती, शेण कसं, रवंथ करतेय का, किती महिन्यांची गाभण, दूध किती घटलं, याआधी कुठली सुई कधी झाली. शेवटचा मुद्दा लोक लपवतात. लपवू नका.

पायरी २: दगडी, म्हणजे कासदाह. इथं जरा सावकाश वाचा

दुधाच्या गोठ्यात अँटिबायोटिक सगळ्यात जास्त जाते ती कासेवर. धार काढायच्या आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन पिळ्या काळ्या फडक्यावर किंवा काळ्या ताटलीत घ्या. गुठळ्या, पाण्यासारखं दूध, पिवळटपणा, रक्त, काहीही दिसलं तर तो सड बाजूला. पण कास सुजायच्या आधीचा छुपा कासदाह डोळ्याला दिसत नाही, दूध नुसतं हळूहळू कमी होत जातं आणि आपण ढेपेला दोष देत बसतो. त्यासाठी सीएमटी नावाचं किट मिळतं. नसेल तर कपडे धुवायची साधी पावडर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कालवा, चार वाट्यांत चार सडांचं थोडं थोडं दूध घ्या, तेवढंच हे पाणी घाला आणि वाटी गोल फिरवा. ज्या वाटीत दूध घट्ट, शेंबडासारखं होईल त्या सडात गडबड आहे. पंधरा दिवसांतून एकदा केलं तरी भरपूर.

नुसती सुरुवात असेल, जनावराला ताप नसेल, खातपीत असेल, तर लगेच सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडू नका, डॉक्टरला विचारून लेपावर बघा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, म्हणजे एनडीडीबी, जो लेप सांगतं तो असा: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, मिक्सरला लालसर लगदा करायचा, त्यातला थोडा घेऊन पाण्यानं पातळ करायचा, कास धुऊन पूर्ण दूध काढून लावायचा, दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. सोबत रोज दोन लिंबं खायला. दहा वेळा कोण लावणार, हा प्रश्न रास्त आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर होतं. पण ताप असेल, जनावर खात नसेल, दुधात रक्त असेल किंवा कास निळी-गार पडली असेल तर लेपाच्या भानगडीत वेळ घालवू नका, त्याच तासाला डॉक्टर.

सडाला वारंवार होत असेल, दोनदा औषध करून पण गुण नसेल, तर दूध तपासायला पाठवा. लोकांना वाटतं हे फार मोठं काम आहे. मेडिकलवर लघवी तपासायची निर्जंतुक डबी मिळते, ती घ्या. हात साबणानं धुवा, सडाचं टोक स्पिरिटच्या कापसानं चांगलं पुसा, वाळू द्या, पहिल्या तीन पिळ्या फेका, मग डबी आडवी धरून पाच-दहा मिली दूध घ्या, आत बोट लागू देऊ नका. जनावराचं नाव, सड कोणता, तारीख लिहा, बर्फाच्या पाण्याच्या पिशवीत ठेवून त्याच दिवशी पोचवा. नमुना अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घ्यायचा, नंतर घेतला तर जिवाणू बऱ्याचदा सापडत नाही आणि पैसे गेले. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आपल्या तालुक्याच्या डॉक्टरला विचारून, फोन करून जा. रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो, त्यात औषधांच्या नावापुढं एस किंवा आर असं काहीतरी असतं. एस म्हणजे हे औषध चालेल, आर म्हणजे जिवाणू त्याला जुमानत नाही. हा कागद फेकू नका, पुढच्या वेळी त्याच गोठ्यात तोच जिवाणू निघायची शक्यता बरीच असते.

पायरी ३: डोस वजनावर, कोर्स डॉक्टर सांगतील तेवढा

कमी डोस हे रेझिस्टन्स, म्हणजे जिवाणूंनी औषधाला न जुमानणं, तयार करायचं सगळ्यात सोपं साधन आहे. ४०० किलोच्या म्हशीला ३०० च्या अंदाजानं औषध द्यायचं म्हणजे अर्धे जिवाणू नुसते चिडवायचे. तालुक्याला काटा कुठं असतो, म्हणून टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, एवढे किलो. समजा घेर ६६, लांबी ५४, तर साधारण ३५६ किलो. अंदाजच आहे, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरा. हा आकडा डॉक्टरला सांगा.

तीन दिवस सांगितले तर तीन, पाच सांगितले तर पाच. दुसऱ्या दिवशी खायला लागली म्हणून थांबवायचं नाही. उलट, गुण येईना म्हणून स्वतःच्या मनानं दुसरी, तिसरी बाटली बदलायची नाही. आणि मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली, जी पत्र्याच्या गोठ्यात खुंटीला लटकून उन्हाळाभर तापलीय, ती औषध म्हणून मोजूच नका. रिकाम्या बाटल्या, ट्यूबा, सुया नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, एका डब्यात साठवून दवाखान्यात द्या.

पायरी ४: दूध कधी विकायचं

इथं खरी परीक्षा आहे, कारण इथं पैसा जातो.

प्रत्येक जनावराच्या औषधाच्या लेबलवर दूध, मटण, अंडी किती दिवस वापरायची नाहीत ते लिहावं लागतं. जानेवारी २०१२ पासूनचा नियम असा की लेबलवर काही दिलेलं नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी कमीत कमी ७ दिवस, मटण-चिकनसाठी कमीत कमी २८ दिवस. मोजायला सुरुवात शेवटच्या डोसपासून करायची, पहिल्यापासून नाही. दोन औषधं एकत्र दिली असतील किंवा डोस वाढवला असेल तर डॉक्टरला विचारून अजून थांबा.

आणि एक गैरसमज सगळीकडं आहे, की ट्यूब डाव्या मागच्या सडात सोडली तर बाकी तीन सडांचं दूध चालतं. नाही चालत. औषध रक्तात जाऊन चारी सडांत येतं, दूध चारीचं बाजूला काढायचं.

समजा म्हैस दिवसाला ८ लिटर देते आणि भाव ५० रुपये, तर सात दिवसांचे २८०० गेले. दुखतं. म्हणूनच वरची पायरी १ आणि २, म्हणजे उगाच औषध न देणं, हाच खरा पैसे वाचवायचा मार्ग. दूध गुपचूप डेअरीला घातलं तर सगळ्या गावाच्या कॅनमध्ये मिसळतं, संकलन केंद्रावर पट्टीनं टेस्ट झाली तर पूर्ण टँकर परत येऊ शकतो. विरजण लागत नाही, दही धरत नाही, ही याचीच एक खूण, कारण दह्याचे जिवाणू पण जिवाणूच. आणि भूम-कुंथलगिरीकडं खव्याच्या भट्ट्या आहेत म्हणून सांगतो, उकळून किंवा आटवून अँटिबायोटिक पूर्ण जात नाही. जिवाणू मरतात, औषध बरंचसं राहतं. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो.

हे दूध वासराला पण पाजू नका. फुकट जातंय म्हणून पाजतात, मग वासराच्या पोटात रोज थोडं थोडं औषध जाऊन तिथं औषधाला सरावलेले जिवाणू वाढतात. विहिरीपासून, बोअरपासून लांब खड्ड्यात ओता.

औषध चालू असलेल्या जनावराच्या मागच्या पायाला लाल चिंधी किंवा रिबन बांधा. धार काढणारा एक माणूस असतो, सुई मारताना बघणारा दुसरा, आणि संध्याकाळी सून धार काढायला बसली की तिला कुणीच सांगितलेलं नसतं.

पायरी ५: वही

जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला, तारीख, आजार, औषधाचं नाव, किती मिली, कुणी दिलं, शेवटचा डोस, दूध चालू करायची तारीख. बस. मोबाईलवर बाटलीचा फोटो काढला तरी चालेल, नाव वाचता आलं पाहिजे. देवणी किंवा लालकंधारी बाजारात विकायला नेणार असाल तर घेणाऱ्याला हे सांगणं सरळपणाचं आहे, हाळी हंडरगुळीच्या बाजारात असा कोण विचारतो, हे मला पण माहितीये, तरी सांगा.

औषधच कमी लागावं म्हणून

कास धुण्याबद्दल जे सल्ले येतात ते भरपूर पाणी असलेल्या भागातले असतात. आपल्याकडं मार्च-एप्रिलपासून टँकर. पाणी कमी असेल तर पूर्ण कास भिजवू नका, कारण घाण पाणी ओघळून सडाच्या टोकाला येतं आणि ते जास्त वाईट. फक्त सड थोड्या स्वच्छ पाण्यानं पुसा आणि कोरडे करा, प्रत्येक जनावराला वेगळं फडकं. एकच फडकं सगळ्या गोठ्याला फिरवायचं म्हणजे रोग वाटत जायचं. धार मुठीनं काढा, अंगठा मुडपून काढली तर सडाला आतून इजा होते. निरोगी जनावर आधी, पहिल्या वेताची आधी, दगडी झालेली सगळ्यात शेवटी. धार झाल्यावर सड आयोडीनच्या कपात बुडवा आणि लगेच समोर वैरण टाका, म्हणजे अर्धा तास उभी राहील, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं आणि खाली शेणात बसली की संपलं.

लसी वेळेवर. घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याच्या आधी, लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, शेळ्यांना आंत्रविषार पावसाळ्याआधी आणि पीपीआर. दवाखान्यात मोफत असताना लोक "लस दिली की दूध कमी होतं" म्हणून जनावर लपवतात, दोन दिवसांच्या दोन लिटरसाठी. वासराला व्यायल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा, वार पडायची वाट बघत बसू नका. चीक नीट मिळालेलं वासरू हगवणीला कमी बळी पडतं आणि तेवढी औषधं वाचतात.

शेळ्या, कोंबड्या

उस्मानाबादी शेळ्यांचा त्रास बऱ्याचदा जंतांचा असतो, अँटिबायोटिकचा नाही. लेंडी तपासा. बोकड ईदला किंवा जत्रेला विकायचा असेल तर मधले २८ दिवस लक्षात ठेवा, औषध चालू असलेला बोकड खाटकाला देऊ नका.

ब्रॉयलरवाल्यांचं वेगळं. पिल्लं आली की पहिले तीन-पाच दिवस पाण्यातून एन्रोफ्लॉक्सासिन, ही सवय इतकी रुळलीय की तिला औषध कुणी समजतच नाही. लॉट ३५ ते ४२ दिवसांचा, त्यात शेवटी परत औषध दिलं तर विकायच्या आधी थांबायचे दिवस राहतातच कुठं. कंपनीकडून आलेल्या खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा, सुपरवायझरला सरळ विचारा की यात अँटिबायोटिक आहे का. पिल्लांची पहिल्या आठवड्यातली मर बहुतेक वेळा ब्रूडिंगचं (पिल्लांना ऊब द्यायचं) तापमान, ओलं लिटर (खाली अंथरलेलं तूस) आणि पाण्याच्या टाकीची शेवाळ यामुळं असते. टाकी धुवा, पाण्यात क्लोरीन टाका, तूस उलटंपालटं करा.

शेण आणि कोंबडखत

दिलेल्या औषधाचा बराच भाग न बदलता शेणातून, लघवीतून, विष्ठेतून बाहेर पडतो, सोबत ते सरावलेले जिवाणूही. ताजं कोंबडखत मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकणं म्हणूनच चुकीचं. ढीग करा, ओल ठेवा, झाका, आतून तापला पाहिजे, ५५ अंशाच्या वर काही दिवस. मग उलटवा आणि परत तापू द्या. सळई आत खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढली आणि हातात धरवत नसेल तर ढीग काम करतोय. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना पूर्ण कुजलेलंच वापरा.

घरातली माणसं

धारोष्ण दूध प्यायचं कौतुक आपल्याकडं अजून आहे. बंद करा, निरसं दूध लहान पोरांना तर नकोच, उकळूनच द्या, त्यातून ब्रुसेला (जनावर गाभडवणारा जिवाणू), टीबीसारखं पण येऊ शकतं. चिकन-मटण आतपर्यंत शिजवा, कच्चं कापलेल्या विळीवर तशीच काकडी चिरू नका. हाताला जखम असेल तर हातमोजे घालून धार काढा. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातानं काढू नका, गरोदर बाईला तिकडं जाऊच देऊ नका. गोठ्यातून आलं की साबणानं हात धुऊन मगच भाकरीला बसायचं.

घरात कुणाला लघवीचं इन्फेक्शन, जखम, हगवण बरीच होईना झाली आणि दवाखान्यात गेलात तर डॉक्टरला सांगा की घरी जनावरं आहेत, कोंबड्या आहेत, आणि गोठ्यात हल्ली अमुक औषध चाललंय. वही असेल तर सोबत न्या. ते कल्चर (नमुन्यातला जिवाणू वाढवून तपासणं) करायला सांगतील तर करा, आणि तिथं पण नमुना गोळी चालू करायच्या आधीच द्या.

जनावरासाठी सरकारी फिरत्या पथकाचा टोल फ्री नंबर १९६२ आहे. आपल्या गावापर्यंत गाडी किती वेळात येते ते जनावर धडधाकट असतानाच एकदा विचारून ठेवा.